द्यूत, मोह आणि ईश्वरार्पण : आपल्या आश्रयदात्या संतांचा एक जुना उपदेश

महोत्सवाच्या स्मरणिकेत इतिहास लिहावयाचा म्हटला म्हणजे पायाभरणी केव्हा झाली, घंटा कोठून आली, वेदी कोणी बसविली, अशा गोष्टींची नोंद करण्याचा प्रघात आहे. आणि तो योग्यच आहे. त्या नोंदी या पुस्तकात अन्यत्र आल्याच आहेत. प्रस्तुत लेखकाने वाचकांचे लक्ष दुसऱ्याच एका इतिहासाकडे वेधावयाचे योजिले आहे. नागपूरचे महामंदिर ज्यांच्या नावे उभे आहे त्या संत फ्रान्सिस द सेल्स यांनी १६०९ साली एक लहानसा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात जुगार व प्रेमवेड या दोन विषयांवर स्वतंत्र प्रकरणे लिहिली. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या प्रकरणांत आपल्या मोहल्ल्यांतील घरे ओळखू येतात, म्हणून हा लेखनप्रपंच.

हे नाव नागपुरास कसे आले ते प्रथम थोडक्यात सांगितले पाहिजे. आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी सॅव्हॉय नावाचा प्रांत आहे, व त्यात आन्सी हे गाव. तेथे १८३८ साली फादर पिएर मारी मेर्मिए यांनी संत फ्रान्सिस यांच्या नावाने मिशनरी धर्मगुरूंचा एक संघ स्थापिला. त्या संघाचे पहिले धर्मगुरू १८४५ साली हिंदुस्थानात उतरले, आणि विशाखापट्टणच्या बाजूने त्यांचे कार्य मध्य हिंदुस्थानापर्यंत पसरत आले. कामठीची छावणी १८२१ पासून वसलेली होती. पलटणीत कॅथलिक शिपाई होते, त्यांची बायकामुले होती. नागपुरात १८७० साली संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाची शाळा निघाली, १८८७ साली नागपूरचा धर्मप्रांत निर्माण होऊन अलेक्सिस रिक्काझ हे पहिले बिशप झाले, व १९५३ साली त्यास आर्चबिशपांच्या धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. छावणी आली की तिच्यामागून पत्ते आणि मद्य येतात, हा जगाचा अनुभव आहे. सरकारनेही ते ओळखले होते. सार्वजनिक जुगारासंबंधीचा १८६७ चा कायदा मध्यप्रांतास लागू होता. मुंबई इलाख्याचा कायदा १८८७ चा, म्हणजे आपल्या धर्मप्रांताच्याच वयाचा. दीडशे वर्षे कायदा आहे आणि दीडशे वर्षे जुगारही आहे. पोळ्याच्या करीला गावोगाव झाडाखाली जे डाव बसतात ते पाहणाऱ्यास हे निराळे सांगावयास नको. २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाईन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तो चांगला केला. तथापि कायदा अड्डा बंद करू शकतो. अड्ड्यावर जाणाऱ्याचे मन त्याच्या हाती नाही.

हा रोग परदेशांतून आला असे मात्र कोणी समजू नये. आपल्या विदर्भाची सर्वांत जुनी प्रसिद्ध कथा फाशांचीच आहे. विदर्भराज भीमाची कन्या दमयंती, आणि तिचा पती नल. नल पुष्कराशी द्यूत खेळला व राज्य हरला. नेसत्या वस्त्रानिशी दोघे अरण्यात गेली. आणि तेथे निजलेल्या पत्नीचे अर्धे वस्त्र फाडून घेऊन तो निघून गेला. महाभारतातील हा प्रसंग ज्याने वाचला असेल त्याने जुगाऱ्याचे घर पाहिले असे म्हणावयास हरकत नाही. कारण जुगारी प्रथम पैसा घालवितो, आणि पुढे ज्या माणसांना तोंड दाखविण्याची लाज वाटते त्यांनाच सोडून जातो. परंतु कथेचा शेवट आमच्या उपदेशास फारसा उपयोगी पडत नाही. नल हा ऋतुपर्ण राजापासून अक्षविद्या शिकतो, पुन्हा पुष्करासमोर बसतो, आणि एकाच डावात सर्व परत मिळवितो. प्रत्येक जुगाऱ्याच्या मनात हाच शेवट घोळत असतो. अजून एकच डाव, आणि गेलेले सर्व परत!

दुसरी कथा आमच्या अधिक जवळची आहे, व ती रामटेकच्या वाटेवरील आहे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर यांचे चरित्र तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ या ग्रंथात संकलित केले. मराठी गद्याचा तो आद्य ग्रंथ मानला जातो. त्या परंपरेप्रमाणे ते पूर्वाश्रमी गुजरातेतील एका प्रधानाचे पुत्र, नाव हरिपाळ. त्यांस द्यूताचा नाद लागला. एकदा ते पुष्कळ हरले, जिंकणारे सोडीनात, आणि देणे भागविण्यासाठी त्यांनी पत्नी कमळाइसा हिजकडे दागिने मागितले. तिने ते दिले नाहीत. पित्याने देणे फेडले. पण हरिपाळाचे मन त्या घरातून उठले ते उठलेच. रामयात्रेस, म्हणजे आपल्या या रामटेकास, जाण्याची अनुज्ञा घेऊन ते निघाले, वाटेत सोबतची माणसे मागे ठेविली, व आजच्या अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंच्या चरणी येऊन पोहोचले. महानुभाव बांधव या सर्वास ईश्वराची लीला मानतात. त्यांच्या श्रद्धेचा निवाडा करणे हे आमचे काम नव्हे, आणि शेजाऱ्याच्या देव्हाऱ्यात हात घालणे सभ्यपणाचेही नव्हे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्हांस येथे एवढेच महत्त्वाचे वाटते, की ज्या पुरुषाने पुढे मराठी भाषेस इतका मान मिळवून दिला, त्याच्या चरित्रकाराने त्याचे द्यूत लपविले नाही. आणि हा पुरुष हरलेले परत जिंकण्यास पटाकडे वळला नाही. नल पट जिंकून सुटला. हरिपाळ पट सोडून गेला. कमळाइसेचा नकारही विसरण्यासारखा नाही. आपल्या पोथ्यापुराणांत नवऱ्याच्या पायी सर्वस्व वाहणाऱ्या स्त्रियांची स्तुती फार आढळते. या माउलीने दागिना दिला नाही, आणि त्या नकारापासून पुढची सगळी वाट सुरू झाली. आमच्या धर्मग्रामातील भगिनींनी ही गोष्ट ध्यानी ठेवावी. जुगाऱ्याचे देणे गुपचूप फेडणाऱ्या मातेचे प्रेम खरे असते, पण त्याने व्यसनाचे आयुष्य वाढते.

आता आपल्या संतांकडे वळू. फ्रान्सिस यांचा जन्म २१ ऑगस्ट १५६७ रोजी सॅव्हॉयमधील तोरां येथे एका उमराव घराण्यात झाला. पॅरिस येथे जेसुइट विद्यालयात व पुढे पादुआ येथे त्यांनी विद्या संपादन केली. वडिलांनी वकिली, सरकारी हुद्दा आणि एक श्रीमंत वधू, अशी सर्व सिद्धता केली होती. १५९३ साली त्यांनी धर्मगुरूची दीक्षा घेतली व १६०२ साली ते जिनीव्हाचे बिशप झाले. जिनीव्हा कॅल्व्हिनपंथीयांच्या हाती असल्यामुळे त्यांचे वास्तव्य आन्सीस असे. आपल्या नात्यातील मादाम द शार्मोआझी नामक एका विवाहित स्त्रीस त्यांनी आध्यात्मिक मार्गदर्शनपर टिपणे लिहून दिली होती. त्यांतूनच १६०९ चा तो ग्रंथ, ‘भक्तिजीवनाचा परिचय’, तयार झाला. मठवासीयांसाठी नव्हे, तर घरसंसार, व्यापार व दरबार सांभाळणाऱ्यांसाठी भक्तिमार्ग सांगणारा हा ग्रंथ होता, आणि म्हणूनच त्यात पत्ते, फासे, नृत्य, मैत्री यांचा विचार येतो.

खेळास त्यांचा विरोध नव्हता, हे आवर्जून सांगितले पाहिजे. संत म्हणजे कपाळास आठी घातलेला मनुष्य, अशी अनेकांची कल्पना असते. फेरफटका, गप्पागोष्टी, संगीत, शिकार, बुद्धिबळासारखे बुद्धीचे खेळ, हे सर्व त्यांनी निर्दोष ठरविले आहे. फक्त वेळ आणि पणाची रक्कम यांत अतिरेक नसावा, एवढीच अट. परंतु ज्या खेळात केवळ दैवावर हारजीत अवलंबून असते, त्याविषयी ते कठोर आहेत, व त्याची कारणे त्यांनी नीट सांगितली आहेत. एक तर तेथील लाभ हा कष्टाचा अथवा कौशल्याचा मोबदला नसतो, म्हणून तो बुद्धीस पटणारा लाभच नव्हे. दुसरे, त्या खेळातील आनंद सोबत्याच्या नुकसानीखेरीज मिळतच नाही. आणि तिसरे, त्यास करमणूक म्हणावे तर तीत विश्रांती कोठे आहे? खेळणारा सदैव ताठलेला, साशंक, चिडलेला; त्याच्या शेजारी हसण्याची किंवा खोकण्याची सोय नाही. या तिसऱ्या कारणावरून संत महाराजांनी खेळणाऱ्यांच्या मागे उभे राहून पुष्कळ निरीक्षण केले असले पाहिजे, असे आम्हांस वाटते. फ्रान्सचा राजा संत लुई याची गोष्टही ते सांगतात. १२५० साली इजिप्तमधील पराभवानंतर जहाजातून जात असता, आजारी राजास कळले की आपला भाऊ फासे खेळत बसला आहे. तो तसाच उठला, धडपडत गेला, आणि पट, फासे व काही नाणी त्याने समुद्रात भिरकावून दिली. दुखणाईत माणसाचा हा राग आम्हांस फार आवडतो.

धर्मशास्त्राचा निर्णय आजही बहुतांशी असाच आहे. १९९२ च्या कॅथलिक श्रद्धाग्रंथात सांगितले आहे, की दैवाचे खेळ हे स्वभावतःच न्यायाविरुद्ध नव्हेत. परंतु स्वतःच्या वा कुटुंबाच्या गरजेचे द्रव्य त्यांत जाऊ लागले की ते नीतीच्या दृष्टीने अग्राह्य ठरतात, आणि या नादाचे दास्यात रूपांतर होण्याचे भय असते. दास्य हा शब्द तंतोतंत आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही जुगाराच्या व्यसनाची गणना आपल्या रोगसूचीत केली असून ती नवी सूची २०२२ पासून अमलात आली आहे. म्हणून ज्याचा निश्चय वारंवार मोडतो त्याने धर्मगुरूकडे यावे तसेच वैद्याकडेही जावे. देवास शरण जाणे आणि औषध घेणे यांत विरोध मानण्याचे काहीच कारण नाही.

निश्चय मोडतो, हेच खरे दुःख आहे. संत फ्रान्सिस यांच्याहून सतरा वर्षांनी वडील असलेले संत कमिल्लस द लेल्लिस यांचे उदाहरण येथे घेतले पाहिजे. १५५० साली इटलीतील बुक्कियानिको गावी जन्मलेला हा धिप्पाड शिपाई व्हेनिसच्या सैन्यात तुर्कांविरुद्ध लढला. पायास कधी न भरणारी जखम, आणि हातात पत्ते. तारुण्यातच त्याने संन्यस्त होण्याचा नवस केला व तो विसरला. १५७१ साली जखमेच्या उपचारासाठी तो रोमच्या संत याकोबाच्या इस्पितळात आला, तेथे चाकरीसही राहिला, आणि पत्त्यांच्याच पायी तेथून काढला गेला. १५७४ साली नेपल्स येथे तलवार, बंदूक, झगा, आणि शेवटी अंगातील सदराही तो पणास लावून हरला. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस मानफ्रेदोनिया येथे चर्चच्या दाराशी भीक मागत असता त्यास कॅपुचिन मठाच्या बांधकामावर मजुरी मिळाली. तेथील एका धर्मबंधूचे बोलणे मनात घोळवीत २ फेब्रुवारी १५७५ रोजी, म्हणजे मेणबत्त्यांच्या सणाच्या दिवशी, तो रस्त्याने जात होता. वाटेतच खाली उतरून त्याने गुडघे टेकले व तो रडला. पुढचा वृत्तांत सर्वविश्रुत आहे. १५८४ साली गुरुदीक्षा, १५८६ साली पोपमहाशयांची त्यांच्या संघास मान्यता, छातीवर तांबडा क्रूस, आणि १४ जुलै १६१४ रोजी मृत्यू होईतो रुग्णांची सेवा. ज्या इस्पितळातून पत्त्यांपायी घालविले, त्याच इस्पितळाचा कारभार पुढे त्यांच्याकडे आला. नवस ते क्षमायाचना यांमध्ये कित्येक वर्षे गेली होती, हे पाप-निवेदनास बसणाऱ्या धर्मगुरूंनीही विसरू नये.

प्रेमवेडाविषयी लिहिताना लेखणी थोडी अडखळते, कारण आपल्या समाजात त्याची एक तर थट्टा होते, नाही तर त्याच्यावर मारहाण होते. संत फ्रान्सिस यांनी दोन्ही केले नाही. विवाहाचा हेतू नसता, किंवा तो शक्य नसता, केवळ मनाच्या खेळासाठी जडविलेल्या प्रीतीस त्यांनी अक्रोडाच्या झाडाची उपमा दिली आहे. ते झाड मळ्यात असले म्हणजे जमिनीचा सर्व रस ओढून घेते, त्याच्या सावलीत दुसरे पीक येत नाही, आणि फळे पाडावयास येणारे जाणारे सगळा मळा तुडवितात. वऱ्हाड-नागपुराकडे अक्रोड नाही, परंतु धुऱ्यावरची चिंच प्रत्येक शेतकऱ्यास माहीत आहे. तिच्या खाली ज्वारी कशी येते ते त्यास विचारावे. असा मनुष्य कामात नसतो, घरात नसतो, मिस्सेतही नसतो. तिने आज पाहिले की नाही, त्याने उत्तर का लिहिले नाही, ह्या खुणा तो दिवसभर मोजीत बसतो. आणि जुगारीही नेमके हेच करतो, तो आकड्यांच्या खुणा मोजतो. दोघांसही वाटते की पुढचा डाव आपला. म्हणूनच या दोन प्रकरणांचा विचार आम्ही एकत्र केला आहे.

यावर संतांचा उपाय कठोर आहे. गाठ उसवीत बसू नये, कापून मोकळे व्हावे. दूर जाता येत असेल तर जावे. येत नसेल तर एकांत, गुप्त पत्रे, चोरट्या दृष्टी सर्व तोडावे. संत अँब्रोज यांनी सांगितलेल्या एका तरुणाची गोष्ट ते देतात. प्रवासाहून तो पालटून आला. पूर्वीची प्रेयसी वाटेत भेटून म्हणाली, मला ओळखले नाहीस काय, मी तीच आहे. त्यावर त्याने उत्तर केले, की असशील, परंतु मी तो राहिलो नाही. आजच्या तरुणांस आम्ही यात एक भर घालून सांगू. ज्या मुलीने नकार दिला तिचा नकार हे पूर्ण उत्तर आहे. तिच्या रस्त्यावर उभे राहणे, तिच्या मैत्रिणींकडून निरोप धाडणे, स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करण्याची धमकी देणे, यास प्रीती म्हणत नाहीत. हे तिच्यावर जुलूम करणे आहे, आणि पाप-निवेदनात ते तसेच सांगितले पाहिजे.

आता ईश्वरार्पण म्हणजे काय, हा मुख्य प्रश्न. पुष्कळ भाविक मनुष्ये देवापुढे मेणबत्ती लावून म्हणतात, एवढा एक डाव लागू दे, मग कधी खेळणार नाही. किंवा, ती मला मिळू दे, मग मी तुझाच. यात प्रार्थनाही पणास लागते आणि देव हा पटावरचा सोबती होतो. संत फ्रान्सिस यांस हा भेद स्वानुभवाने कळला होता. पॅरिस येथे १५८६ च्या अखेरीस, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांस एका विचाराने ग्रासले : मी तारला जाणाऱ्यांत आहे की नाही? फासा कोणत्या बाजूने पडणार, ते आधी कळावे, ही ती तळमळ. सुमारे सहा आठवडे अन्न गोड लागेना, झोप येईना. शेवटी एका चर्चमध्ये पवित्र मरियेच्या मूर्तीपुढे गुडघे टेकून त्यांनी उत्तराची मागणीच सोडून दिली. पुढे काहीही होवो, या जन्मात तरी देवावर प्रीती करीन, एवढे अर्पण केले, आणि ते भय गळून पडले. त्यांस उत्तर मिळाले नव्हते. कौल मागणेच संपले होते.

हाच नियम त्यांनी पुढे स्वतःच्या सर्वांत निर्मळ स्नेहासही लाविला, आणि आमच्या मते त्यांच्या चरित्रातील हा भाग सर्वांत अवघड आहे. बॅरोनेस जान द शांताल हिचा पती १६०१ साली शिकारीतील अपघाताने मरण पावला होता. १६०४ च्या उपवासकाळात दिजाँ येथे तिने फ्रान्सिस यांचे प्रवचन ऐकले, व त्यांचे मार्गदर्शन स्वीकारले. ६ जून १६१० रोजी त्या दोघांनी आन्सी येथे ‘भेटी’च्या भगिनींचा मठ स्थापिला. त्यांच्या पत्रव्यवहारातील स्नेह इतका उघड व उबदार आहे की संकोची वाचक चकित होतो. त्यांनी तो कधी लपविला नाही, आणि त्यात लपविण्यासारखे काही नव्हतेही. तरीसुद्धा १६१६ च्या मे महिन्यात, ती एकांत-साधनेत असता, त्यांनी पत्रांतून तिला सांगितले की आता आपल्यावरील हा आधारही देवास देऊन टाकावा. तिने ते मानले. किती कष्टाने, ते तिच्या उत्तरांतून दिसते. निषिद्ध मोह सोडण्यास सांगणारे उपदेशक पुष्कळ असतात. फ्रान्सिस यांनी निर्दोष वस्तूही मुठीत आवळून धरू दिली नाही, आणि अर्पण केल्यावर मैत्री संपविलीही नाही. पुढील सहा वर्षे दोघांनी मठामागून मठ उभारले.

१६२२ च्या डिसेंबरात लिआँ शहरी त्यांची भेट झाली. मध्ये बराच काळ गेला होता, व तिने आपल्या आत्म्यासंबंधी विचारावयाच्या गोष्टी लिहून आणिल्या होत्या. कोणापासून आरंभ करावा, असे त्यांनी विचारता तिने आपले मन पुढे केले. त्यांनी शांतपणे ते बाजूस ठेवून संघाच्या कामकाजाविषयी बोलणे काढले, आणि बाकीचे आन्सीस गेल्यावर पाहू असे सांगितले. कित्येक तास मठांच्याच गोष्टी झाल्या. मग ती त्यांच्या सांगण्यावरून दुसऱ्या मठाच्या कामास निघून गेली. २८ डिसेंबर रोजी, लिआँच्या मठाच्या माळ्याच्या झोपडीत, ते निवर्तले. १६२३ च्या जानेवारीत त्यांचा देह आन्सीस आणण्यात आला, तेव्हा मदर शांताल त्यास सामोरी गेली.